तुऱ्यासाठी लावलेलं गवत

कोल्हापूर जिल्ह्यात उसाला तुरा आलेला बघून ‘काय सुंदर दिसतंय’ असं कुणी म्हणत नाही. नोव्हेंबरात शिरोळ, हातकणंगले, करवीर, कागल, कुठल्याही वाटेनं जा. दोन्ही अंगांना माणसाच्या दुप्पट उंचीची रानं उभी असतात आणि त्यांच्या माथ्यावर रुपेरी, किंचित जांभळट तुरे वाऱ्याच्या दिशेला कललेले असतात. सकाळचं ऊन आडवं पडलं की अख्खा मळा उजळतो. बांधावरच्या माणसाच्या कपाळावर मात्र आठी असते. तुरा म्हणजे उसाची वाढ संपली. शेंड्याचा कोंब फुलात गेला, आता नवं पेर धरणार नाही. तोड लांबली तर बाजूचे डोळे फुटून पांगशा येणार, आतून दशी पडणार, कांडं पोकळ होणार, वजन आणि साखरेचा उतारा दोन्ही घसरणार.

माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं. वडिलांना आम्ही आण्णा म्हणायचो. रानात पहिला तुरा दिसला की त्या रात्री ताटावर बसल्या बसल्या ते म्हणायचे, “तुरं सुटाय लागलं. टोळीचं लवकर बघाय पायजे.” मग ऊसतोड टोळीच्या मुकादमाकडे खेपा, कारखान्याच्या चिटबॉयकडे चौकशी, नोंद कधीची, पाळी कधीची. घरातली सगळी बोलणी तिकडेच वळायची. तुरा ही आमच्या घरातली धास्तीची बातमी होती, आणि ती खरीच होती. वर्षाचं पीक त्यावर अवलंबून असताना त्याच्या चमकण्याचं कौतुक कोण करणार?

पण तेव्हापासून मला वाटत आलंय की या गवताला तुरा येऊ देऊन, तो पिकू देऊन, वाळू देऊन नुसतं बघत बसावं. काही कापायचं नाही, काही मोजायचं नाही. हे रानात शक्य नाही. घराच्या बागेत शक्य आहे.

आमच्या घराच्या पश्चिमेला कंपाउंडची लांब भिंत आहे आणि तिच्या पोटाशी अरुंद पट्टी. जमीन मुरमाड, दुपारनंतर रणरणतं ऊन. तिथं काय लावावं याबद्दल प्रत्येकाकडे सल्ला होता. ड्युरांटाची कापलेली कड, नाहीतर उंच वाढणारा अशोक, नाहीतर क्रोटनच्या रांगा. मी उंच गवत लावायचं म्हटल्यावर शेजारचे तात्या भिंतीवरून डोकावून म्हणाले, “गवत काढून टाकायचं असतंय की ओ वैनी! लावायचं कुठलं?” त्यांचं आयुष्य भांगलण करण्यात गेलेलं, त्यांचा प्रश्न रास्त होता.

मला त्या भिंतीवर हलणारं काहीतरी हवं होतं. झुडपांची कड कापून नीट केली की ती बाराही महिने तशीच असते, भिंतीपुढे दुसरी भिंत. उंच गवत हलतं. वारा किती आहे, कुठून आहे, ते घरात बसून कळतं. आषाढात वारं सुटलं की सगळे ठोंब एकाच बाजूला वाकतात, पाऊस थांबला की थोड्या वेळानं परत उभे. शिवाय ते एका पावसाळ्यात वाढतं. झाड मोठं व्हायची वाट बघत वर्षं काढावी लागतात, हे मात्र मृगात लावलेलं दसऱ्यापर्यंत छातीला लागतं.

पश्चिमेची भिंतही मुद्दाम निवडली. गवताच्या तुऱ्याला प्रकाश समोरून मिळाला तर तो नुसता करडा दिसतो. त्याच्या मागून ऊन आलं पाहिजे. आमच्या ओसरीवरून बघितलं तर संध्याकाळचा सूर्य भिंतीपलीकडे उतरतो आणि तुऱ्याचा एकेक केस वेगळा दिसतो. ज्यांना असं गवत लावायचंय त्यांना मी सगळ्यात आधी हेच सांगते. कुठलं गवत ते नंतर ठरवा, आधी बसायची जागा, गवत आणि मावळतीचं ऊन एका रेषेत येतात का बघा.

गवत निवडताना पहिलं डोळ्यांपुढे आला तो नळ. ओढ्याकाठी, विहिरीच्या बाजूला, जुन्या पाटाच्या कडेला वाढणारा. वेळूसारखा दिसतो, पण वेळू नव्हे. पोकळ दांडा, दांड्याला मिठी मारून वर गेलेली रुंद पानं, आणि शेंड्याला पिसाऱ्यासारखा तुरा. वीस फुटांपर्यंत सहज जातो, चांगल्या ओलीत त्याच्याही पुढे. बागांसाठी त्याचाच एक प्रकार मिळतो, हिरव्या पानांवर दुधी पट्टे असलेला. तो उंचीला कमी, आठ-दहा फूट. कोवळेपणी पट्टे अगदी स्वच्छ असतात, उन्हाळा तापला की हिरवट होत जातात. कडेच्या पट्टीत, मागच्या रांगेला, याच्याइतकी देखणी उभी रेघ दुसऱ्या कुठल्याच गवतानं येत नाही असं माझं ठाम मत आहे.

या नळाबद्दल वाचत गेले तसा तो जास्तच जवळचा वाटू लागला. लग्नाच्या वरातीत बँडवाल्यांच्या पुढे क्लॅरिनेट वाजवणारा माणूस असतो. त्याच्या ओठांत जी पातळ पट्टी थरथरते ती याच नळाच्या दांड्यातून कापलेली असते. क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, ओबो, सगळ्यांची तीच गत. फ्रान्सच्या दक्षिणेला, भूमध्य समुद्राकाठी वार नावाचा प्रांत आहे. तिथला नळ या कामासाठी जगभर नावाजलेला. दोन वर्षांचे दांडे थंडीत तोडतात, महिनोन् महिने वाळवतात, आणि मग तासून पट्ट्या काढतात. आता प्लॅस्टिकच्या पट्ट्याही मिळतात, तरी पुष्कळ वादक या गवताचीच पट्टी मागतात. महाद्वार रोडवरून वरात गेली की हल्ली माझे कान ढोलावर नसतात, क्लॅरिनेटवर असतात.

आणि बोरू. अशाच पोकळ, कडक दांड्याच्या गवतांना तिरपा काप देऊन बोरू करत. कोल्हापूरच्या पुरालेखागारात संस्थानकाळातले मोडी कागद गठ्ठ्यांनी ठेवलेले आहेत. मोडीचं ते न थांबता पळणारं वळण बोरूच्या टोकातून उतरलेलं. जमिनीचे वाद, इनामं, जमाखर्च, तक्रारी, एवढा सगळा व्यवहार नदीकाठच्या गवतानं लिहून ठेवलाय याचं मला फार अप्रूप वाटतं.

पण नळ लावताना सावध राहायला हवं. याचं बी रुजत नाही. बियाणं वांझ असतं. पसरतो तो जमिनीखालच्या आडव्या खोडानं आणि तुटलेल्या दांड्यानं. प्रत्येक पेराला डोळा असतो. पुरात एक तुकडा वाहून गेला, ओल्या गाळात अडकला, की तिथं नवं बेट उभं. मूळचा हा आशियातला असावा असं अलीकडचे जनुकीय अभ्यास सुचवतात. माणसानं तो भूमध्य समुद्राभोवती नेला आणि तिथून अमेरिकेत. कॅलिफोर्नियात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला छपरांसाठी आणि काठ धरून ठेवायला तो लावला गेला. आज तिथल्या सांता आना नदीसारख्या खोऱ्यांतून तो उपटून काढायला डोंगराएवढे कष्ट चाललेत. तो पाणी पितो, वाळला की आग पसरवतो, काठची मूळची झाडं दडपतो आणि त्यांच्यावर जगणारे पक्षी बेघर होतात. रिओ ग्रांदे नदीच्या काठी तर २००९ साली त्याच्या देठात अंडी घालणारी बारीक गांधीलमाशी मुद्दाम आणून सोडली. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर जीवजातींची जी यादी निसर्गसंवर्धनाच्या क्षेत्रात वापरतात तीत हा नळ आहे.

म्हणून आमच्याकडचा पट्ट्यापट्ट्यांचा नळ एका जाड ड्रममध्ये आहे आणि तो ड्रम जमिनीत पुरलेला नाही, वर ठेवलाय. छाटलेला एकही दांडा मी गटारीत किंवा कचऱ्याच्या गाडीत टाकत नाही. गच्चीवर उन्हात पार काटक्या होईपर्यंत वाळवते, मग मिरच्यांना आधार म्हणून वापरते. कोल्हापुरातली प्रत्येक गटार शेवटी कुठल्यातरी नाल्याला मिळते आणि नाले पंचगंगेला. आमच्याकडे हे गवत परकं नाही, पण नदीकाठावर आधीच पुरेसं ओझं आहे. ज्यांचं घर ओढ्याला किंवा नाल्याला लागून आहे त्यांनी हा नळ लावूच नये, कितीही देखणा असला तरी.

भिंतीची मुख्य रांग मी वाळ्याची केली. हा निर्णय फार बरा ठरला. वाळा एका जागी राहतो. त्याचा ठोंब वर्षागणिक रुंद होतो, पण धावत नाही. पानं पाच-सहा फूट, सरळ निघून टोकाला वाकणारी. तुरा जांभळट-तांबूस, बारीक. सगळ्या वाळ्याला तो सारखा येत नाही, म्हणून ठोंब आणताना आधी फुललेला बघून आणावा. आणि खाली मुळं! ती आडवी जात नाहीत, सरळ खोल उतरतात, दहा फुटांपर्यंतही. म्हणून तर उतारावरची माती धरायला जगभर वाळा लावतात. मुरमात तो कसा जगेल अशी तात्यांना शंका होती. मुरमात तो जगलाच, आणि पाण्यातही जगतो. रमणमळ्यातल्या माझ्या मैत्रिणीच्या बागेत ऑगस्ट २०१९ चा पूर आठवडाभर उभा होता. राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फुटांना धोक्याची पातळी धरतात, त्या वर्षी आणि मग जुलै २०२१ मध्येही पाणी ५० फुटांच्या पुढे गेलं. पाणी ओसरल्यावर तिच्याकडे गुलाब, मोगरा, पपई, सगळं काळं पडून कुजलं होतं. वाळा चिखलानं माखून जमिनीवर लोळला होता. तिनं तो बुडाशी कापला आणि नवरात्रापर्यंत त्याला हिरवे कोंब आले होते.

वाळ्याच्या अधूनमधून कास हे रानगवत लावावं असा मोह मला झाला होता. गणपती आले की नदीकाठच्या पोयट्यावर, पडीक बांधांवर त्याचे पांढरेशुभ्र तुरे दिसायला लागतात. पाऊस संपत आल्याची खूण. पण कासही खालून पळतो, आणि शेतकरी त्याला किती वैतागलेले असतात ते मी लहानपणापासून बघितलंय. कास जिथं आहे तिथंच जाऊन बघावा हे उत्तम. शिंगणापूरच्या बाजूला नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर सप्टेंबरच्या अखेरीला गेलं की पुरे.

या कासाची एक गोष्ट मात्र प्रत्येक ऊसकऱ्याला ठाऊक असायला हवी. पूर्वीचा जाड, रसाळ ऊस गोड होता पण नाजूक होता. रोगाला बळी पडायचा, थंडी-दुष्काळ सोसायचा नाही. १९१२ मध्ये कोइम्बतूरला ऊस पैदास केंद्र सुरू झालं. तिथं बार्बर आणि वेंकटरमण या शास्त्रज्ञांनी गोड उसाचा संकर चक्क या रानटी कासाशी केला. कासात गोडी नाही, कांडं बोटाएवढं, पण चिवटपणा अफाट. त्यातून १९१८ मध्ये ‘को २०५’ हे वाण बाहेर आलं आणि उत्तर भारतातली ऊसशेती पालटली. पुढे जानकी अम्मल या विदुषीनं त्याच केंद्रात कासाच्या पेशींचा, गुणसूत्रांचा अभ्यास केला. आज आमच्या भागात ज्याच्या त्याच्या तोंडी असलेलं ‘८६०३२’ हे वाणही कोइम्बतूरचंच, ‘को’ हा त्या गावाचा आद्याक्षर-शिक्का. आणि त्याच्या रक्तात कुठेतरी कास आहे. बांधावरचं जे गवत आण्णा खणून काढायचे, त्याचाच अंश आतल्या सरीत उभा होता. हे मला कळलं तेव्हा ते नव्हते. असते तर त्यांना सांगायला मला फार आवडलं असतं. ते हसले नसते. त्यांनी विचारलं असतं, मग तुरा न येणारं का नाही काढत?

तर तेही काढायचा प्रयत्न चालूच असतो. तुरा कमी येणारी वाणं निवडतात. उसाला तुरा दिवसाच्या लांबीवरून येतो. भाद्रपदाच्या सुमारास दिवस उतरत बारा-साडेबारा तासांवर येतो, रात्री फार थंड नसतात, जमिनीत ओल असते, तेव्हा शेंड्यात आत कुठेतरी ठरतं की आता पानं पुरे, फूल. बाहेर काही दिसत नाही. दिसतं ते दिवाळीच्या आगेमागे. एवढं मोठं गवत दिवस काही मिनिटांनी लहान झाल्याचं ओळखतं, आणि आपल्याला मात्र संध्याकाळी दिवा लवकर लावावा लागला तेव्हा लक्षात येतं.

परदेशी बागांच्या चित्रांत एक गवत हमखास दिसतं. सरळ, सोनेरी, भाल्यांच्या रांगेसारखं. त्याला जर्मनीतल्या कार्ल फर्स्टर या रोपवाटिकावाल्याचं नाव आहे. हा माणूस १८७४ ते १९७० असा दीर्घ जगला आणि गवताला बागेत मानाची जागा मिळावी म्हणून झटला. हॅम्बर्गच्या वनस्पती उद्यानात त्याला हा संकर दिसला. अमेरिकेतल्या बागवाल्यांच्या संघटनेनं २००१ मध्ये त्याला वर्षाची वनस्पती ठरवलं. पण ते थंड मुलखातलं गवत. वसंतात लवकर वाढतं, उष्ण दमट रात्री त्याला मानवत नाहीत. कोल्हापुरात त्याच्यामागे लागू नये. फर्स्टरची दृष्टी घ्यावी, रोप आपल्या मातीतलं घ्यावं.

सांभाळायला या गवतांना फार काही लागत नाही, आणि जे लागतं ते वेळच्या वेळी करावं. खत जवळजवळ नकोच. युरियाची मूठ टाकली की पानं माजतात आणि पहिल्याच पावसात आडवी होतात. पाणी पहिला उन्हाळाभर द्यावं, नंतर अगदीच कोमेजलं तर. दोन ठोंबांत तीन-साडेतीन फूट अंतर ठेवावं. सुरुवातीला पट्टी ओकीबोकी दिसते, लोक मधे काहीतरी खुपसायला सांगतात, त्यांचं ऐकू नये. तुरे वाळले म्हणून पौषात कापायची घाई करू नये. वाळलेल्या गवताचा रंग थंडीतच खुलतो, आणि मुनिया तुऱ्यांतले केस घरट्यासाठी ओढून नेतात. आमच्याकडे शिमगा झाला की धारदार विळ्यानं वीतभर ठेवून सगळं कापतो. हातमोजे आणि लांब बाह्यांचा शर्ट हवाच, पानांच्या कडा कातडी चिरतात. कापलेलं गवत आंब्याच्या बुडाशी आच्छादन म्हणून जातं. दोन आठवड्यांत बुडातून हिरवं फुटतं. ठोंब मधून पोकळ दिसायला लागला की मृगात खणून, कुऱ्हाडीनं फोडून, कडेचे तुकडे परत लावायचे.

दिवाळीत मी दहा-बारा तुरे कापून पितळी तांब्यात ठेवते. ते वर्षभर टिकतात. पाहुणे विचारतात, हे कुठून आणलं? आणि मग आमच्या दाराआडचा फुलझाडू दाखवून मी सांगते की हाही गवताचा तुराच आहे, मेघालयाच्या डोंगरउतारांवर वाढणाऱ्या उंच गवताचा. रोज हातात धरतो, त्याला फूल म्हणून बघत नाही.

आपल्या शहरातल्या बागांबद्दल माझं एक म्हणणं आहे. टाउन हॉलच्या बागेत जुने, भव्य वृक्ष आहेत, रंकाळ्याच्या काठाला मोकळं आकाश आणि सतत वारा आहे. पण झाडाखाली सगळीकडे तीच कापलेली हिरवळ आणि तीच चौकोनी कड. हिरवळीला उन्हाळ्यात रोज पाणी, दर आठवड्याला कापणी. त्यातल्या एखाद्या पट्टीत, पश्चिमेकडे तोंड करून, वाळ्याची लांब रांग लावून बघायला काय हरकत आहे? दुभाजकांतही चालेल. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात गवतांचा अभ्यास पिढ्यान् पिढ्या झालाय. कुठलं स्थानिक गवत कुठं शोभेल, कुठलं पसरणार नाही, हे सांगणारी जाणकार माणसं याच गावात आहेत. सह्याद्रीच्या सड्यांवर, म्हणजे माथ्यावरच्या खडकाळ पठारांवर, तर गवतांचे इतके प्रकार आहेत की त्यातलं एखादं बागेत आणता येईल असं मला फार वाटतं. अर्थात बिया किंवा रोपं अभ्यासकांकडूनच घ्यायची, सड्यावरून उपटून नव्हे.

यंदा मृगात आमच्या रांगेतले चार ठोंब फोडायचे आहेत. तुकडे कुणाकुणाला द्यायचे ते ठरलंय. तात्यांनीही एक सांगून ठेवलाय, मात्र तो परसात लावणार म्हणतात, रस्त्याकडेला नको. गल्लीच्या टोकाच्या आजींना वाळा तुऱ्यासाठी नको, मुळांसाठी हवाय. उन्हाळ्यात माठात घालायला. पण मुळं काढायची म्हणजे सगळा ठोंब खणावा लागतो आणि एवढ्या खोल मुरमात ती तुटतात. म्हणून त्यांच्यासाठीचा तुकडा जमिनीत लावायचा नाही असं ठरवलंय. तो रेतीमिश्रित मातीनं भरलेल्या उंच पोत्यात लावायचा, दीडेक वर्षानं पोतं उभं चिरायचं, माती पाण्यानं धुऊन काढायची, मुळं अखंड हातात येतील. वरचा भाग परत नव्या पोत्यात. पोती आणून झालीत, रेती यायची आहे.